वाचकांचे प्रश्न: डब्यातलं मटण, टिनमधले मासे

मागच्या अंकात टिनमधल्या ट्यूनाबद्दल जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतके मेसेज आले की यावेळचं अख्खं सदर त्यावरच करतेय. आपल्याकडे डब्यातलं मटण फारसं कुणी खात नाही, खाटकाकडे उभं राहून समोर तोडून घ्यायची सवय आहे आणि ती चांगलीच आहे. पण आता दर दुसऱ्या घरातलं कुणीतरी जर्मनीत नाहीतर आखातात नाहीतर बोटीवर असतं, आणि तिथे हे डबे स्वस्त, हाताशी आणि थकून आल्यावर पटकन पोटात जाणारे. मी स्वतः बारा वर्षं मासे कॅनिंगच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होते, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे.

प्रश्न (सांगलीहून एक आई): ताई, माझा मुलगा म्युनिकला एमएस करतोय. मी दरवर्षी आमरस बाटल्यांत भरून उकळत्या पाण्यात ठेवते आणि तो वर्षभर टिकतो, आजवर एकही बाटली खराब झाली नाही. तसंच सुकं मटण काचेच्या बरणीत भरून, वर तेल सोडून, कुकरला उकडून पाठवलं तर? जाऊबाई म्हणतात व्हॅक्यूम पॅक करून दे, म्हणजे हवाच राहणार नाही.

उत्तर: नका पाठवू. तुमची माया कळतेय मला, पण हे अगदी हात जोडून सांगते.

आमरस टिकतो तो तुमच्या हाताच्या गुणाने टिकतोच, पण मुळात तो टिकतो आंब्याच्या आंबटपणामुळे. आंबटपणा मोजायचं माप म्हणजे पीएच, आकडा जितका कमी तितकं आंबट. रसाचा पीएच साधारण चारच्या आसपास असतो, त्यात आपण चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालतो म्हणजे तो आणखी खाली जातो. आमच्या धंद्यात ४.६ ही लक्ष्मणरेषा आहे. त्याच्या खाली असेल तर उकळत्या पाण्यात काम भागतं, वर असेल तर नाही भागत. मटणाचा पीएच साडेपाच ते सहा, माशाचा त्याहून थोडा वरच.

रेषेच्या वर काय होतं, तर क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम नावाचा एक जिवाणू आहे, तो मातीत असतो, सगळीकडे असतो, म्हणजे तुमच्या मटणात पडणारा लसूण, आलं, कांदा हे सगळं मातीतूनच आलेलं. तो अडचणीत आला की बीजाणू करून बसतो, म्हणजे बी कसं कवचात बसतं तसं, आणि हे बीजाणू तासन्‌तास उकळलं तरी मरत नाहीत. उकळल्याने बाकीचे बहुतेक जिवाणू मरतात आणि ह्याला रान मोकळं मिळतं. त्याला हवा नको असते, आंबट नको असतं, खारट फार नको असतं, आणि रूम टेंपरेचर हवं असतं. आता तुमची बरणी बघा. आत हवा नाही, वर तेलाचा थर, आंबट काही नाही, आणि विमानाच्या बॅगेत दोन दिवस. त्याला दुसरं काय हवं? जाऊबाईंचं व्हॅक्यूम पॅक तर त्याहून सोयीचं.

तेलाबद्दल मुद्दाम सांगते कारण हा गैरसमज मी घरोघरी ऐकलाय. लोणच्यावर तेल असतं म्हणून लोणचं टिकतं असं आपण धरून चालतो. लोणचं टिकतं ते मिठाने आणि आंबटाने. तेल फक्त वरून बुरशी येऊ देत नाही, आतल्या ह्या जिवाणूला ते उलट पांघरूण घालतं.

आणि तो जे विष तयार करतो त्याला वास नाही, चव नाही, मटण अगदी कालच केल्यासारखं लागू शकतं. फ्रान्समध्ये बोर्दो शहरात २०२३ च्या सप्टेंबरमध्ये एका छोट्या वाइन बारमध्ये हेच झालं, मालकाने स्वतः बरण्यांत भरून ठेवलेले सार्डिन लोकांनी खाल्ले, वेगवेगळ्या देशांतून आलेले पाहुणे हॉस्पिटलात गेले आणि एक बाई दगावली. सार्डिन म्हणजे आपली तारलीच की. मालक काही वाईट माणूस असेल असं नाही, पण त्याच्या बरण्या नीट निर्जंतुक झालेल्या नव्हत्या.

लक्षणं सगळ्यांनीच लक्षात ठेवा. साधारण बारा ते छत्तीस तासांत, कधी आणखी काही दिवसांनी, एकाचे दोन दिसायला लागतात, पापण्या जड होऊन मिटतात, बोलताना जीभ अडखळते, गिळता येत नाही, मग अशक्तपणा वरून खाली हातापायांत उतरत जातो. ताप बहुतेक नसतोच. असं झालं तर ॲसिडिटी असेल म्हणून घरी बसू नका, ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलात जा आणि डॉक्टरांना गेल्या काही दिवसांत काय काय खाल्लं ते सांगा, कारण ह्याचं औषध आहे, अँटिटॉक्सिन, पण ते जितकं लवकर तितकं कामाचं.

कुकरचं म्हणाल तर, शिट्टीपर्यंत पोचलेल्या कुकरमध्ये १२० अंशांच्या जवळपास तापमान जातं हे खरं आहे, पण ते कुकरमधल्या वाफेचं. बरणीच्या अगदी मधल्या तुकड्याचं काय? चरबी, घट्ट रस्सा, गच्च भरलेले तुकडे, ह्यातून उष्णता फार सावकाश आत जाते. आम्ही कारखान्यात नवीन माल घ्यायचो तेव्हा डब्याला भोक पाडून बारीक तारेचा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, बरोब्बर मधोमध बसवायचो, मग तो डबा रिटॉर्टमध्ये, म्हणजे आमच्या त्या अवाढव्य कुकरमध्ये, बाकीच्यांबरोबर ठेवायचो आणि बाहेर आकडा बघत उभं राहायचो. डब्याच्या त्या सगळ्यात थंड जागेला १२१ अंशांची तीन मिनिटं तरी मिळाली पाहिजेत, तेवढी मिळायला बाहेरून कधी कधी तास-तास लागायचा. डब्याचा आकार बदलला की पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर प्रत्येक बॅचचे काही डबे ३७ अंशांच्या उबदार खोलीत कित्येक दिवस ठेवायचो आणि रोज सकाळी लाकडी दांडीने एकेक झाकण वाजवून बघायचो. चांगला डबा टण्ण वाजतो, आत गडबड असलेला भद्द. आमच्यातल्या एक वयस्कर बाई नुसत्या आवाजावरून दहा हजारांतला एक डबा बाजूला काढायच्या. घरच्या ओट्यावर हे कसं जमणार?

शिवाय कायदा आहेच. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून प्रवाशाने मांस किंवा दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, घरचं असो, पाकीटबंद असो, डबाबंद असो. एअरपोर्टवर काढून घेतील आणि वर दंडही होऊ शकतो.

त्यापेक्षा असं करा. कांदा-लसूण मसाला द्या, भाजलेलं सुकं खोबरं आणि तीळ कुटून कोरडं वाटण करून द्या, दोन्ही उत्तम टिकतं. म्युनिकला तुर्की दुकानांत बोकडाचं नाही तरी कोकराचं मटण चांगलं मिळतं. व्हिडिओ कॉल लावून त्याला एकदा समोर करायला लावा. पहिल्या वेळी बिघडेल, तिसऱ्या वेळी तो तुम्हालाच सांगेल मीठ कधी घालायचं ते.

प्रश्न (दुबईहून, सहा जण मिळून राहणारे): मॅडम, इथे सुपरमार्केटमध्ये पोचे आलेले डबे अर्ध्या किमतीला ठेवतात. आम्ही घेतो. रूमवर यावरून रोज भांडण आहे. कोण बरोबर?

उत्तर: पोचा कुठे आहे त्यावर आहे. डब्याच्या मधल्या सपाट अंगाला उथळ, गुळगुळीत पोचा असेल तर चालतो. पण वरच्या किंवा खालच्या कडेला जिथे झाकण आणि अंग एकमेकांत दुमडून बसवलेलं असतं, त्या घडीवर पोचा असेल, किंवा उभ्या शिवणीवर असेल, किंवा इतका खोल की त्यात बोट जातं, किंवा टोकदार मोडलेला, तर फुकट दिला तरी घेऊ नका. त्या घडीत जाडी म्हणाल तर कागदाएवढा रबरी लेप असतो आणि तोच बाहेरचं जग बाहेर ठेवतो. तो जरासा हलला तरी सुईच्या टोकाहून बारीक फट पडते, आपल्याला दिसत नाही, डबा गळत पण नाही, पण जिवाणूला ती दरवाजाएवढी.

याचं एक उदाहरण आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवायचे. १९६४ साली स्कॉटलंडमधल्या ॲबरडीन शहरात टायफॉइडची साथ आली, चारशेहून जास्त लोक आजारी. मूळ निघालं अर्जेंटिनाहून आलेल्या कॉर्न्ड बीफच्या एका मोठ्या डब्यात. कारखान्यात डबे शिजवून झाल्यावर गार करायला नदीचं पाणी वापरलेलं, क्लोरीन न घातलेलं, आणि त्या नदीत गावाचं सांडपाणी. गरम डबा गार होताना आतल्या आत आकसतो आणि फट असेल तर बाहेरचं पाणी थेंबभर आत ओढून घेतो. तेवढं पुरलं. पुढे दुकानात तो डबा उघडून ज्या मशीनवर कापला त्याच मशीनवर बाकीचं मांस कापलं, म्हणून इतकं पसरलं. म्हणजे शिजवण्यात चूक नव्हती, ती गार करण्यात आणि फटीत होती.

फुगलेला डबा, गळका डबा, उघडताना फस्स करून पाणी उडवणारा डबा, हे तिन्ही सरळ बाहेर. चव घेऊन बघू नका, जिभेच्या टोकावर पण नको, उकळून खाऊ हा विचार पण नको. दोन पिशव्यांत घट्ट बांधून असा टाका की मांजराच्या तोंडाला लागणार नाही, मग हात आणि ओटा साबणाने धुवा. गंजाचं म्हणाल तर कपड्याने पुसून निघाला तर हरकत नाही, खड्डे पडलेले असतील तर नको. तर रूमवरच्या भांडणात दोघंही अर्धे अर्धे बरोबर, पण शंका आली की फेकणाऱ्याचं ऐका, सहा माणसं एका भांड्यात जेवता.

प्रश्न (डब्लिनहून एक विद्यार्थिनी): ताई, मी आठवड्यातून चार-पाच दिवस टिनवर आहे, कधी लंचन मीट (डब्यातलं दळून शिजवलेलं तयार मांस) तळून भाताबरोबर, कधी ट्यूना. आई म्हणते त्यात काही सत्त्वच नसतं नुसता चोथा. खरंय का?

उत्तर: आईला सांग, चोथा नसतो गं, तिची काळजी दुसऱ्या जागी हवी. टिनमध्ये शिजवल्याने प्रोटीन कुठे जात नाही, लोह, झिंक, बी-१२ बऱ्यापैकी तसंच राहतं, बी-१ मात्र उष्णतेने बरंच कमी होतं. पाण्यातल्या ट्यूनाच्या निथळलेल्या १०० ग्रॅममध्ये साधारण २५ ग्रॅम प्रोटीन आणि फॅट जेमतेम एक ग्रॅम. सार्डिन तर मला ट्यूनाहून जास्त आवडतं, कारण त्यातला काटा शिजून इतका मऊ झालेला असतो की तो चावून खाता येतो आणि १०० ग्रॅममागे ३५०-४०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं, शिवाय ओमेगा-३ आणि थोडं डी व्हिटॅमिन, जे डब्लिनच्या उन्हात तुला मिळणार नाहीये. काटे काढून टाकत असशील तर आजपासून बंद कर.

प्रॉब्लेम लंचन मीटचा आहे. अमेरिकेत १९३७ पासून विकलं जाणारं स्पॅम घे, त्याच्या साध्या प्रकाराच्या लेबलवर ५६ ग्रॅमच्या एका वाट्याला १८० कॅलरी, १६ ग्रॅम फॅट, प्रोटीन फक्त ७ ग्रॅम आणि सोडियम ७९० मिलिग्रॅम असं असतं. अख्खा डबा ३४० ग्रॅमचा, म्हणजे सहा वाटे. तू भाताबरोबर अर्धा डबा संपवत असशील, आणि भुकेला तो संपतोच, तर २३०० मिलिग्रॅमच्या वर सोडियम एका जेवणात गेलं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराला २००० च्या आत सांगते, म्हणजे सगळं मिळून पाच ग्रॅम मीठ, एक सपाट छोटा चमचा. तुझ्या तिकडच्या लेबलवर सोडियम नाही, मीठच लिहिलेलं असतं. १०० ग्रॅममागे दीड ग्रॅमच्या वर आकडा दिसला की तो पदार्थ खारट समजायचा आणि भातात, वरणात, अंड्यात मीठ घालायचं नाही. लोणचं त्या दिवशी बंद.

दुसरं, ते गुलाबी दिसतं ते सोडियम नायट्राइटमुळे. ते उगाच नाही घालत, वर ज्या जिवाणूबद्दल लिहिलं त्याला दाबायला ते लागतं. पण अशा प्रोसेस्ड मांसाला कर्करोगावर काम करणाऱ्या आयएआरसी ह्या जागतिक संस्थेने २०१५ मध्ये कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय, रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका साधारण १८ टक्क्यांनी वाढतो असं त्यांचं म्हणणं. ह्याचा अर्थ शंभरातल्या अठरा जणांना होतो असा नाही, मुळात जेवढा धोका असतो त्याच्या १८ टक्के जास्त. घाबरायचं कारण नाही, पण आठवड्यातून चार दिवसांवरून पंधरा दिवसांतून एकदा एवढ्यावर आण, आणि तळताना कडा काळ्या करू नकोस.

आणि हे करून बघ. कांदा बारीक चिरून परत, टोमॅटो, हळद, तिखट, चार कोकमं नाहीतर लिंबू, मग सार्डिन डब्यातल्या रसासकट घाल आणि ढवळू नको, मोडतात, नुसतं झाकून पाच मिनिटं. वर कोथिंबीर. भाताबरोबर दोन जणींना पुरतं.

प्रश्न (पुण्याहून, पाचवा महिना): टिनमधला ट्यूना चालेल का?

उत्तर: चालेल, बंद डबा ताजा उघडून. मोठ्या माशात पारा जास्त साठतो म्हणून ट्यूनाची जात बघा, अल्बाकोर किंवा व्हाइट लिहिलेला असेल तर आठवड्यातून एकदाच, लाइट किंवा स्किपजॅक असेल तर दोन-तीनदा, प्रत्येक वेळी शंभरेक ग्रॅम. सार्डिनमध्ये पारा फार कमी असतो, ते जास्त चांगलं. उघडून ठेवलेलं उरलंसुरलं मात्र तुम्ही खाऊ नका, लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रीजच्या थंडीतही वाढतो. बाकी तुमच्या डॉक्टरांना विचाराच.

प्रश्न (नागपूरहून): अर्धा डबा उरला तर डब्यातच झाकून फ्रीजमध्ये ठेवते, चूक आहे का? आणि तारीख उलटलेला डबा?

उत्तर: डब्यात ठेवल्याने लगेच विषबाधा होते असं नाही, पण पत्र्याची चव उतरते आणि झाकण धड बसत नाही, म्हणून काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात काढा. पत्र्याला आतून कथलाचा थर असतो, आपण पितळेच्या भांड्याला कल्हई करायचो त्यातलाच प्रकार, वर लाखेसारखा लेप, उघडून हवा लागली की तो पूर्वीसारखा राहत नाही. तीन-चार दिवसांत संपवा. ओट्यावर दोन तासांच्या वर नको, तुमच्या मे महिन्यात तर एक तास पण नको, कारण डबा उघडला त्या क्षणी त्याचं टिकणं संपलं, आता ते सकाळी केलेल्या कालवणासारखंच. लाइट जात असेल तिथे लहान डबा घ्यावा, एका जेवणात संपेल असा. मांस-मासळीचे डबे थंड कोरड्या जागी दोन ते पाच वर्षं चांगले राहतात. तारीख नुकतीच उलटली असेल आणि डबा धडधाकट असेल तर बहुधा चव उतरलेली असते, तरी मी घरात तारखेच्या आतच संपवते. कारच्या डिकीत किंवा गच्चीखालच्या माळ्यावर ठेवलेला डबा मात्र तारखेच्या आत असला तरी त्याचा भरवसा नाही.

प्रश्न (ठाण्याहून): टिनमधल्या माशात काचेचे तुकडे निघाले! तक्रार करू का?

उत्तर: आधी एक करा. तो खडा वाटीत घेऊन त्यावर गरम व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घाला. काही मिनिटांत विरघळायला लागला तर तो स्ट्रुव्हाइट, माशातल्याच मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचा स्फटिक, मूतखड्यात पण हा प्रकार असतो पण खाऊन होत नाही. निरुपद्रवी आहे. विरघळला नाही तर काच समजा, डबा लेबलसकट जपून ठेवा आणि जरूर तक्रार करा. तसंच आत पत्र्यावर काळे डाग असतील तर घाबरू नका, माशातलं गंधक पत्र्याला लागून होतात.

प्रश्न (नाशिकहून, ट्रेक ग्रुप): हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला टिन घेऊन जातो, बंद डबाच चुलीत ठेवून गरम करतो, भांडं घासायला नको.

उत्तर: नाही हं, अजिबात नाही. बंद डबा विस्तवावर ठेवला की आतली वाफ कोंडते आणि तो फुटतो, उकळता रस्सा आणि पत्रा तोंडावर. उघडून ठेवला तरी आतला लेप जळतो, म्हणून पातेलीच न्या. ट्रेकला मी रिटॉर्ट पाऊच सुचवेन, तेच तंत्र पण पत्र्याऐवजी जाड पाकीट, वजन कमी, म्हैसूरच्या डीएफआरएल ह्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेने आपल्या जवानांसाठी असं बरंच अन्न तयार केलंय. पाकीट बंदच ठेवून उकळत्या पाण्यात सोडायचं, तेच पाणी पुन्हा चहाला नाही पण भांडी विसळायला चालतं. डबाच न्यायचा असेल तर झाकणाला ओढायची कडी असलेला न्या किंवा ओपनर विसरू नका. १८१३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये पहिले डबे निघाले तेव्हा ते छिन्नी-हातोडीने उघडायचे, ओपनर यायला चाळीसेक वर्षं लागली, आणि गडावर कोयत्याने डबा उघडायला गेलेल्या एका मुलाचा तळहात मी स्वतः रुमालाने बांधलाय. झाकण पूर्ण न कापता शेवटचा बोटभर भाग ठेवा, खाऊन झालं की ते आत दाबा, डबा बुटाने चेपा आणि पिशवीत घालून खाली घेऊन या, त्या कडेने गुरांची जीभ कापते.